गळका गिझर: दुरुस्त करायचा की उतरवायचा?

तक्रार नेहमी दोनच शब्दांत येते: "गिझर गळतोय." या दोन शब्दांच्या पोटात पाच-सहा निरनिराळी दुखणी असतात आणि त्यातल्या एकावरच इलाज नाही. बाकीची वायसर, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर (जोडातल्या रबरी चकतीवर) मिटतात. तरीही धडधाकट टाकीचे गिझर भंगारात गेलेले मी पाहिलेत, आणि टाकी कामातून गेलेल्या गिझरवर वर्षात तीनदा खर्च केलेली घरंही पाहिलीत. दोन्हीकडे चूक एकच. पाणी नेमकं कुठून येतंय हे कोणी बघितलेलंच नसतं. थेंब जिथे पडतो तिथूनच गळतंय, असं सगळे धरून चालतात.

हे सगळं विजेवर चालणाऱ्या, भिंतीवर टांगलेल्या, टाकीवाल्या गिझरबद्दल आहे. गॅस गिझरची गोष्ट वेगळी, ती शेवटाकडे थोडक्यात सांगतो.

लक्षणं

पाण्याच्या थेंबांना वेळापत्रक असतं. एक-दोन दिवस ते पाळतीवर राहून बघा: कधी गळतं, गरम गळतं की गार, कशातून गळतं. (पाण्याला हात लावण्याआधी वीज बंद. त्याबद्दल खाली लिहिलंय, आधी ते वाचा.)

- गिझर चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांनी थेंब सुरू होतात, पाणी तापून दिवा विझला की थोड्या वेळात थांबतात.
- रात्रंदिवस टपकतं, गिझर चालू असो वा बंद. पाणी गारच असतं आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या (टाकीतला जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारक्या तोटीतून येतं.
- पाइपच्या नटाभोवती कायम ओल, त्यावर पांढरा किंवा हिरवट थर साचलेला.
- खालच्या झाकणाच्या कडेनं किंवा वायर आत जाते त्या भोकातून पाणी येतं. गिझर लावला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) पडतो, किंवा हल्ली अधूनमधून पडू लागलाय.
- बॉडीच्या जोडावरून तांबूस ओघळ, खालचा पत्रा फुगलेला, रंगाचे पोपडे निघालेले. सकाळचं पहिलं गरम पाणी पिवळसर-तांबडं.
- नळाला, शॉवरला किंवा ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही करून बघायचं नाही. एमसीबी (बोर्डातला गिझरच्या लाइनचा ब्रेकर) खाली पाडा, घरातल्या सगळ्यांना सांगा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. "थोडासाच करंट येतो" हे वाक्य मी खूप घरांत ऐकलंय. अंग कोरडं, पायात चप्पल, म्हणून तो थोडासा वाटतो. अंघोळ करताना यातलं काहीच नसतं.

हात लावण्याआधी

भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं धरू नका. वायरिंग करताना चुकून बटण न्यूट्रलवर घेतलेलं असतं, असं मला एकदा नाही, अनेकदा सापडलंय. अशा ठिकाणी बटण बंद असतानाही एलिमेंटच्या (पाणी तापवणाऱ्या भागाच्या) टोकाला फेज जिवंत असतो. म्हणून बटण बंद, प्लग काढलेला आणि एमसीबी खाली, तिन्ही करा. गिझर थेट वायरनं जोडलेला असेल तर एमसीबी पाडल्यावरही टेस्टर लावून बघा, आणि तोच टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून तो स्वतः चालतोय ना याची खात्री करून घ्या.

पाणी तापलेलं असेल तर गरम पाण्याचा नळ सोडून टाकी गार करा किंवा काही तास थांबा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

वॉरंटीचं कार्डही आत्ताच शोधा. टाकीची वॉरंटी बहुतेक वेळा एलिमेंटच्या वॉरंटीपेक्षा जास्त वर्षांची असते, लोक एलिमेंटचीच मुदत लक्षात ठेवतात. मुदत बाकी असेल तर झाकणाचे स्क्रूसुद्धा काढू नका, कंपनीचा माणूस बोलवा.

पहिली तपासणी: गळतोय तो गिझरच आहे का?

याला एक कोरडं फडकं, टिश्यू पेपर आणि बॅटरी एवढंच लागतं. पूर्ण गिझर, दोन्ही पाइप, व्हॉल्व्ह आणि मागची भिंत पुसून खडखडीत कोरडी करा. मग टिश्यूच्या पट्ट्या दोन्ही नटांभोवती, व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि खालच्या झाकणाच्या कडेला गुंडाळा किंवा चिकटवा. अर्ध्या तासानं बघा, सगळ्यात आधी कुठली पट्टी भिजली. पाणी नेहमी खाली आणि मिळेल त्या कडेनं वाहतं. नटातला थेंब कडेकडेनं सरकत झाकणापर्यंत येतो आणि तिथून टपकतो. डोळ्यांना झाकण गळताना दिसतं, पट्टी मात्र नटाची भिजते.

भिंतीकडेही बघा. गिझरच्या वर, हुकांच्याही वर ओल असेल तर पाणी भिंतीतल्या पाइपमधून किंवा वरच्या मजल्यावरून येत असणार. एका घरी नवा गिझर बसवून महिना झाला होता आणि तोही "गळत" होता. गळत होता तो वरच्या बाथरूमचा सांधा. जुन्या गिझरला काहीच झालेलं नव्हतं, पण तो तोवर भंगारात गेला होता.

दमट हवेत गार पाण्याच्या पाइपला घाम येतो, तोही लोकांना गळती वाटतो. ओळखायला सोपं: घामाचे बारीक थेंब पाइपच्या लांबीभर सारखे असतात, गळतीचा थेंब एका ठिकाणीच धरतो. गिझरच्या टाकीभोवती इन्सुलेशन असल्यामुळे बॉडीला सहसा घाम येत नाही. बॉडी ओली असेल तर ती घामाच्या खात्यावर टाकू नका.

दुसरी तपासणी: सेफ्टी व्हॉल्व्ह

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेलं की त्याचं आकारमान साधारण दीड टक्क्यानं वाढतं. २५ लिटरच्या टाकीत हे जास्तीचं पाणी होतं जवळजवळ पावणेचारशे मिलिलिटर. टाकी काठोकाठ भरलेली असते आणि पाणी दाबून लहान होत नाही, तेव्हा ते कुठेतरी जायलाच हवं. गार पाण्याची लाइन मोकळी असेल तर ते मागे लाइनमध्ये सरकतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पण गिझरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल, आणि बहुतेक सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच तो असतो, तर मागचा रस्ता बंद. मग दाब वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या तोटीतून थेंब थेंब करून तो सोडतो. त्याला बसवलंय ते यासाठीच.

एका घरात हा व्हॉल्व्ह दोनदा बदलून झाला होता आणि तरी टपकत होता, म्हणून मला बोलावलं. मी एक स्टीलचा मग तोटीखाली ठेवला, गिझर चालू केला आणि गप्पा मारत बसलो. दहाव्या मिनिटाला पहिला थेंब मगात टणकन वाजला. अर्ध्या तासानं गिझरचा दिवा विझला तेव्हा मगात जेमतेम दीड कप पाणी होतं, आणि आणखी थोड्या वेळानं थेंब थांबले ते थांबलेच. व्हॉल्व्ह तिन्ही वेळा चांगलाच होता. मी त्या तोटीला एक पारदर्शक नळी लावली, ती मोरीच्या जाळीपर्यंत नेली आणि निघालो. नळी लावताना दोन गोष्टी पाळायच्या: ती सतत उताराला हवी आणि तिचं टोक उघडं हवं.

तुमच्याकडेही मग ठेवून बघा. फक्त तापताना गळतंय, पाणी एवढंच आहे आणि नंतर थांबतंय, तर दुरुस्ती नको आणि बदलणंही नको.

दिवसरात्र गार पाणी टपकत असेल तर दोन शक्यता. एक, व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा किंवा क्षाराचा कण अडकलाय. व्हॉल्व्हला छोटी दांडी असते, ती उचलून पाणी दोन-तीन सेकंद जोरात जाऊ द्या आणि सोडा, असं तीन-चार वेळा. पुष्कळदा कण निघून जातो. उलटंही होतं, कित्येक वर्षं न हललेली दांडी उचलली की व्हॉल्व्ह नीट बसतच नाही आणि गळती वाढते. तसं झालं तर व्हॉल्व्ह बदला, तो गिझरच्या मानानं किरकोळ खर्च आहे. बदलताना दाबाचा आकडा जुन्यावर असेल तोच घ्या. घरगुती टाक्यांवर बहुधा ८ बार लिहिलेलं असतं, पण तुमच्या गिझरच्या बॉडीवरच्या माहितीच्या पट्टीवर जे असेल ते खरं.

दुसरी शक्यता लाइनचा दाब. १० मीटर उंचीवरची टाकी साधारण १ बार दाब देते, त्यामुळे नुसत्या गच्चीवरच्या टाकीनं छोट्या इमारतीत हा प्रश्न सहसा येत नाही. प्रेशर पंप बसवला असेल किंवा इमारत खूप उंच असून तुम्ही खालच्या मजल्यावर असाल तर दाब जास्त असू शकतो. पंप बंद ठेवून एक रात्र बघा. थेंब थांबले तर इलाज दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हचा आहे. गिझर कितीही बदला, तो गळणारच.

आणि हे ठळक अक्षरांत: तोटी बंद करायची नाही. मी या तोटीत लाकडी खुंटी ठोकलेली पाहिलीय, स्क्रू पिळलेला पाहिलाय, वर प्लंबरचं लुकण थापलेलंही पाहिलंय. थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा) चिकटला आणि कटआउटही (तो चुकला तर वीज तोडणारा दुसरा) पडला नाही, तर आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे पाणीच राहतं. टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. भिंत पडते. अशी खुंटी दिसली तर गिझर त्या क्षणापासून बंद. ती खुंटी स्वतः उपटायला जाऊ नका, गार झाल्यावर माहितगार माणसाला काढू द्या.

तिसरी तपासणी: पाइप आणि नट

गिझरच्या खाली दोन तोंडं असतात, निळ्या खुणेचं गार आणि लाल खुणेचं गरम. त्यांना जोडणाऱ्या लवचिक पाइपच्या टोकात रबरी वायसर असतो. उष्णतेनं तो कडक होतो, चिरतो, आणि मग नट कितीही आवळा, थेंब येतोच. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वारंवार निघणारं दुखणं.

गार पाण्याचा अँगल कॉक बंद करा, गरम नळ सोडून दाब उतरवा, नट सोडवा, वायसर बदला. टाकीतलं पाणी त्या तोंडातून खाली येऊ शकतं, म्हणून बादली खाली हवीच. पाइपवरची जाळी कुठे तुटून तारा बाहेर आल्या असतील किंवा पाइप एका जागी फुगला असेल तर वायसरवर भागवू नका, पाइपच बदला. टेफ्लॉन टेप वायसरच्या जोडाला लागत नाही. ती आट्यांवर पाणी अडवायचं असेल तिथे, आणि आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, नाहीतर नट फिरवताना उलगडते.

इथे माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात असाच गळका नट मी मोठा पाना लावून जोर देऊन आवळला. नटाबरोबर टाकीचं तोंडही कणभर फिरलं. त्या तोंडाचा वेल्ड आत टाकीला असतो. तो तडकला आणि वायसरनं मिटणारं काम नव्या गिझरवर गेलं. तेव्हापासून दोन पाने वापरतो, एकानं तोंड धरायचं आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा. हातानं घट्ट आणि पुढे पाव फेरा, एवढं वायसरला पुरतं. तेवढ्यानं थांबत नसेल तर वायसर वाकडा बसलाय किंवा खराब आहे. जोर वाढवून उपयोग नाही.

आटेच खाल्ले गेले असतील, तोंडाभोवती लाल गंज असेल आणि नट काढताना तुकडे हातात येत असतील, तर ते टाकीचंच दुखणं धरा.

चौथी तपासणी: झाकणाखालचं गॅस्केट आणि एलिमेंट

इथून पुढे वीज आणि पाणी एकाच ठिकाणी येतात. वायरिंगची सवय नसेल तर थांबा. झाकण उघडून नुसतं बघायचं असेल तर बघा, पण बटण, प्लग आणि एमसीबी तिन्ही बंद करून. एक फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही.

झाकण काढल्यावर गोल पत्री दिसते, तिच्यात एलिमेंट आणि थर्मोस्टॅटची नळी बसवलेली असते आणि ती काही बोल्टनी टाकीला आवळलेली असते. पत्री आणि टाकीच्या मध्ये गॅस्केट. गॅस्केट गेलं असेल तर बोल्टच्या वर्तुळावर पांढऱ्या क्षाराची खपली धरलेली दिसते, एका बाजूला जास्त. ज्या बाजूला खपली जाड, गळती तिथली. गंमत म्हणजे कडक झालेलं गॅस्केट थंड असताना झिरपतं आणि टाकी तापली की फुगून बसतं, त्यामुळे "गरम केल्यावर थांबतं" असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात.

बोल्ट थोडे आवळून बघायला हरकत नाही, पण समोरासमोरचे, आळीपाळीनं, गाडीच्या चाकाचे आवळतात तसे. एकाच बाजूनं आवळत गेलात तर पत्री तिरकी बसते. आवळून गळती थांबली तरी ती काही आठवड्यांचीच सोय समजा. खरा इलाज नवं गॅस्केट. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते: गार पाण्याचा कॉक बंद, वरचा गरम नळ उघडा (तो उघडला नाही तर आत हवा जात नाही आणि पाणी उतरत नाही), मग खालून पाणी सोडा. २५ लिटरच्या टाकीत २५ किलो पाणी असतं, ते एकदम अंगावर घेऊ नका.

एलिमेंट स्वतःही गळतं. त्याच्या धातूच्या नळीला चीर गेली की पाणी आतल्या पावडरीत शिरतं आणि करंट अर्थला जातो. आरसीसीबी पडतो तो यामुळे. लोक तेव्हा आरसीसीबीला शिव्या देतात, काही जण तो बायपास करून घेतात. ३० मिलिअँपिअरवर पडणारं ते यंत्र त्या घरातल्या माणसांचा जीव वाचवत असतं. इलेक्ट्रिशियन मीटर लावून दोन मिनिटांत सांगू शकतो: २३० व्होल्टचं २००० वॉटचं एलिमेंट स्वतः साधारण २६ ओहम दाखवतं, आणि एलिमेंट ते बॉडी यांच्यात मात्र काहीच जोड दिसायला नको.

एलिमेंट, गॅस्केट, थर्मोस्टॅट यांतलं काहीही बदलायला निघालं तरी गिझर अजून दुरुस्तीच्याच यादीत आहे. फक्त पत्री उघडलीच आहे तर पुढची तपासणी त्याच वेळी करून घ्या, नाहीतर निम्मी मजुरी वाया.

पाचवी तपासणी: ॲनोड आणि टाकी

पत्रीबरोबर किंवा तिच्या शेजारून एक कांडी बाहेर येते, तिलाच ॲनोड म्हणतात. ती मॅग्नेशियमची असते, आणि तिचं काम फक्त झिजणं. लोखंडी टाकीला आतून काचेसारखा एनॅमलचा थर दिलेला असतो, पण त्यात बारीक उणिवा राहतातच. पाणी त्या जागी लोखंडावर जाण्याआधी मॅग्नेशियमला खातं, म्हणून टाकी वाचते. मॅग्नेशियम संपलं की पाणी लोखंडाकडे वळतं.

नवी कांडी बोटाएवढी जाड असते. मी काढतो त्या बहुतेक गिझरांत तिच्या जागी गंजकी तार लोंबत असते, टोकाला राखाडी-पांढरं काहीतरी चिकटलेलं, बोटानं चोळलं की भुगा होतो. मालकांना ही कांडी असते हेच माहीत नसतं. वर्षा-दोन वर्षांनी ती बघायची आणि निम्म्याच्या वर झिजली असेल तर बदलायची, एवढं केलं असतं तर यातल्या कितीतरी टाक्या आज चालू असत्या. पाणी फार जड किंवा खारं असेल तर दरवर्षी बघा.

आता पत्रीच्या भोकातून बॅटरी मारून आत बघा. तळाला खडूसारखा गाळ असेल तर काळजीचं नाही, तो क्षार आहे, काढून टाकायचा. त्यानं एलिमेंट जास्त तापतं आणि गिझर तापताना खडखड करतो. तांबडे डाग, फोड आलेला थर, वेल्डच्या रेषेवर गंजाच्या गाठी दिसल्या की निकाल लागला. बाहेरून बघायचं तर खूण अशी: नट कोरडे, व्हॉल्व्ह कोरडा, गॅस्केट कोरडं, आणि तरीही बॉडीच्या आतून, इन्सुलेशनमधून तांबूस पाणी झिरपत खाली येतंय. असं पाणी फोममधून दोन-दोन दिवस फिरून बाहेर पडतं, त्यामुळे छिद्र नेमकं कुठे आहे ते बाहेरून कधीच कळत नाही. कळायची गरजही नाही.

टाकीला छिद्र म्हणजे गिझर उतरवायचा. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. एनॅमलच्या टाकीला वेल्डिंगची आच लागली की आजूबाजूचा थर तडकतो आणि एका छिद्राच्या जागी गंजायला टीचभर पट्टी मिळते. बाहेरून लावलेलं लुकण दाब आणि रोजचं तापणं-निवणं फार दिवस सोसत नाही. स्टेनलेस स्टीलच्या टाक्याही वेल्डच्या रेषेवर जातात, विशेषतः पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर. तांब्याची जुनी जाड टाकी हा एकच अपवाद. चांगल्या कारागिरानं ब्रेझिंग केलं (धातूचा डाख दिला) तर ती पुढे चालते. पण पत्रा सगळीकडे पातळ झालेला असेल तर शेजारी दुसरं छिद्र पडतं, म्हणून कारागिराला आधी पत्रा ठोकून बघायला सांगा.

मग ठरवायचं कसं?

टाकी गळत असेल तर प्रश्नच उरत नाही. टाकी चांगली आणि गिझर तरुण, तरीही प्रश्न नाही, दुरुस्त करा. डोकं लावावं लागतं ते मधल्यांसाठी.

टाकीच्या गिझरचं आयुष्य साधारण ८ ते १२ वर्षं धरतात, पाणी वाईट असेल तर बरंच कमी. बॉडीवरच्या पट्टीवर उत्पादनाचं वर्ष असतं, आठवणीवर जाऊ नका. "चार-पाच वर्षं झाली असतील" म्हणणाऱ्यांच्या गिझरवर मला दहा वर्षांपूर्वीची तारीख सापडलीय. माझा हिशोब असा: निम्मं आयुष्य उलटलेलं आणि दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या गिझरच्या निम्म्याकडे जातोय, तर नवा घ्या. एकूण म्हणजे सुटे भाग, मजुरी आणि गेल्या वर्षभरात आधीच केलेला खर्चसुद्धा. तो शेवटचा आकडा मांडायला लोकांना नको वाटतं.

पण एकट्या वयावर जाऊ नका. ११ वर्षांचा गिझर, आत स्वच्छ पांढरा, ॲनोड वेळेवर बदललेला, फक्त गॅस्केट गेलेलं: मी त्यात गॅस्केट घातलं आणि पुढच्या वेळी काय बघायचं ते सांगून आलो. उलट ४ वर्षांचा, ॲनोड संपलेला, गरम पाणी तांबूस, आणि तक्रार मात्र एलिमेंटची. तिथे मी एलिमेंट घालायला नकार दिला, कारण टाकी काही महिन्यांतच जाणार होती. गरम पाणीच तांबूस आणि गार स्वच्छ, ही माझ्या मते वयापेक्षा मोठी खूण आहे. दोन्ही तांबूस असतील तर मात्र गच्चीवरची टाकी आणि पाइप बघा.

थेंब कमी आहेत म्हणून थांबण्यात फायदा नाही. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरच्या वर पाणी, त्यातलं गरम पाणी म्हणजे वीजही, आणि भिंतीतले हुकाचे बोल्ट त्या ओलीत गंजत असतात. भरलेला गिझर त्या बोल्टवरच लटकलेला आहे.

गॅस गिझर

गॅस गिझरमध्ये पाणी बहुधा पाण्याच्या व्हॉल्व्हच्या पडद्यातून किंवा तांब्याच्या हीट एक्स्चेंजरमधून (ज्योतीवर पाणी तापवणाऱ्या भागातून) गळतं. पाइपचा वायसर सोडला तर त्यातलं काहीही घरी उघडू नका. बर्नरवर पाणी टपकलं की ज्योत पिवळी होते, जळणं अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. ज्योत निळी नसेल, काजळी धरली असेल किंवा अंघोळीत डोकं जड होत असेल तर गॅसचा कॉक बंद करा, दार उघडून बाहेर या आणि तंत्रज्ञ येईपर्यंत तो गिझर वापरू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यातून किंवा भिंतीतून करंट येत असेल. आरसीसीबी वारंवार पडत असेल. झाकणाच्या आत, वायरच्या टोकांवर पाणी किंवा जळल्याची काळी खूण दिसली. नळातून वाफ येत असेल किंवा पाणी उकळल्याचा आवाज येऊन गिझर आपोआप बंद होत नसेल. सेफ्टी व्हॉल्व्ह बंद केलेला असेल. नट फिरवताना तोंड फिरतंय असं जाणवलं. हुकाजवळची भिंत फुगली असेल किंवा गिझर एका बाजूला झुकला असेल. यातलं काहीही दिसलं की पाना खाली ठेवा.

माणूस येईपर्यंत एमसीबी खाली, गार पाण्याचा कॉक बंद, आणि एखादा गरम नळ थोडा उघडा म्हणजे दाब राहत नाही. पाणी उकळतंय अशी शंका असेल तर मात्र फक्त एमसीबी पाडा आणि गार होईपर्यंत कशालाच हात लावू नका. फोनवर "गळतोय" एवढंच सांगू नका. किती लिटरचा, कुठल्या वर्षाचा, कुठली पट्टी आधी भिजली, गरम की गार, आरसीसीबी पडतो का, एवढं सांगितलं तर तो योग्य भाग घेऊन एकाच खेपेत येतो. तो काही न उघडता "टाकी गेली" म्हणाला तर टाकी कुठे गळतेय ते दाखवायला सांगा. गॅस्केट आणि नट कोरडे असताना आतून पाणी येतंय हे दाखवणं अवघड नसतं.

नवा बसवल्यावर आधी गरम नळ उघडून टाकी भरू द्या, नळातून सलग धार येऊ लागली की मगच बटण लावा. रिकाम्या टाकीत एलिमेंट काही मिनिटांत जळतं. जुना भंगारात देण्याआधी त्याचा ॲनोड उपसून बघा. किती वर्षांत किती झिजला ते कळलं की तुमच्या पाण्यात नव्याचा ॲनोड कधी बघायचा ते ठरवता येतं. ती तारीख मार्करनं नव्या गिझरच्या बुडाशी लिहून ठेवा.